ढकललं तरी न हलणारं नोटिफिकेशन

मंडळी, सुरुवात एका काकूंच्या फोनपासून करतो. गेल्या महिन्यात त्या आल्या आणि म्हणाल्या, "बघ रे, आठ दिवस झाले, ही पट्टी जाईचना. नातवाने ढकलली, मी ढकलली, पुन्हा हजर!" मी वरून पडदा खाली ओढला. पावलं मोजणारं ॲप होतं, आणि पट्टीवर लिहिलं होतं: आज ० पावलं. फोन दिवसभर फ्रिजवर, पावलं कुठून पडणार! पण ती पट्टी कशी घालवायची हे विचारण्याआधी ती तिथे का बसलीय, हे बघायला हवं.

ॲंड्रॉइडचा एक नियम आहे. तुम्ही दुसरीकडे वळलात तरी मागे काम चालू ठेवायचं असेल, तर ॲपने वर आपली पाटी लावायची. गाणी वाजवणारं, रस्ता दाखवणारं, पावलं मोजणारं, सगळ्यांना हा नियम लागू. याला फोरग्राउंड सर्व्हिस म्हणतात. २०१७ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे ओरिओत, हा नियम आणखी कडक झाला. मागे असलेल्या ॲपने अशी सेवा सुरू करून पाच सेकंदांत पाटी लावली नाही, तर सिस्टीम त्या ॲपलाच बंद पाडते. म्हणजे ज्या पट्टीला आपण शिव्या घालतो, ती बऱ्याचदा ॲपने नाइलाजाने दिलेली कबुली असते.

आणि ही कबुली कधी फार मोलाची ठरते. 'तुमचं केवायसी संपलंय' म्हणून फोन येतो, पलीकडचा गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो. त्या वेळी तुमची स्क्रीन दुसऱ्याला दिसतेय हे सांगणारी खूण किंवा पट्टी वर येते. 'अमुक ॲप इतर ॲप्सच्या वर दिसत आहे' अशीही एक पट्टी असते, ती सिस्टीम स्वतः लावते. अशी अनोळखी पट्टी दिसली की ती ढकलू नका, आधी फोन ठेवा, मग त्या ॲपचं नाव वाचा आणि ते काढून टाका.

आता ढकलण्याबद्दल. पूर्वी ॲपने पट्टी 'चालू काम' म्हणून खिळवली की ती हलायची नाही. तेराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, फोरग्राउंड सर्व्हिसची पट्टी सरकवता येऊ लागली. चौदाव्यात खिळवलेल्या बहुतेक पट्ट्या सुटल्या. चालू कॉलची पट्टी अजून राहते, ते बरंच आहे. फोन लॉक असताना खिळवलेल्या पट्ट्या हलत नाहीत आणि 'सगळं साफ करा' दाबलं तरीही त्या जात नाहीत, एकेक करून सरकवाव्या लागतात. पण पाटी उतरवली म्हणून दुकान बंद होत नाही! तेराव्यापासून पडदा पूर्ण खाली ओढलात तर तळाशी किती ॲप्स चालू आहेत ते दिसतं, शेजारी थांबवायचं बटण असतं. त्याने ते ॲप पूर्ण बंद होतं. पावलं मोजणंही थांबतं, हे ध्यानात ठेवा.

काम चालू राहावं पण पट्टी नजरेआड जावी, तर तिच्यावर बोट दाबून धरा. ओरिओपासून प्रत्येक ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार पाडलेले असतात. जाहिरातींचा प्रकार बंद, ओटीपीचा चालू, असं करता येतं. एकदा तुम्ही एखादा प्रकार बंद केला की ॲपला तो स्वतःहून उघडता येत नाही. (काही लबाड ॲप्स नव्या नावाने नवा प्रकार उघडतात. त्यांना फोनमध्ये ठेवण्यात अर्थ नाही.) सॅमसंगच्या अलीकडच्या फोनांत हे प्रकार झाकलेले असतात. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, तिथे ॲडव्हान्स्ड, आणि तिथे प्रत्येक ॲपचे प्रकार दाखवायचं बटण चालू करा. हे सापडत नाही म्हणून माझ्याकडे बरेच जण येतात.

काकूंच्या ॲपला आम्ही थांबवलं नाही, त्याचा प्रकार सायलेंट केला. फोन मात्र अजून फ्रिजवरच असतो.

एक प्रश्न आलाय, "घाईत नको ते पुसलं गेलं तर?" अकराव्या आवृत्तीपासून नोटिफिकेशन हिस्ट्री आहे, त्यात गेल्या २४ तासांतलं दिसतं. पण ती आधी चालू केलेली असावी लागते, नंतर करून मागचं काही सापडत नाही. तेव्हा मंडळी, चष्मे लावा, फोन काढा, सेटिंग्ज उघडा. मागच्या रांगेतल्यांनी आवाज चालू ठेवलाय, तोही बंद करा.