झाकण नीट बसलं का?

नमस्कार श्रोतेहो.

बडोद्यातल्या मराठी घरांत माळ्यावर, फडताळात नाहीतर फ्रीजच्या डोक्यावर एखादा फिकट पोपटी किंवा गुलाबी प्लास्टिकचा डबा हमखास सापडतो. पंचवीस वर्षं होऊन गेली तरी तो ना पिचलेला असतो, ना तडकलेला. आणि तो खाली काढला की "आताच्या डब्यांत ती गोष्ट नाही" हे वाक्यही त्याच्यासोबत खाली उतरतं. आज त्या डब्यांबद्दल, म्हणजे टपरवेअर आणि तशाच डब्यांबद्दल बोलायचं आहे, आणि ते ज्या घरगुती पार्ट्यांत विकले जायचे त्यांच्याबद्दल. आठवणी काढूच. पण तो डबा आज खाण्याच्या वस्तूंना वापरावा का, झाकण ढिलं झालं तर काय करावं, हेही बघू. हाताशी एखादा जुना डबा असेल तर घेऊन बसा.

घेतलात? मग आधी झाकण बघा. सगळी करामत तिथेच आहे.

अमेरिकेतल्या अर्ल टपर यांनी पॉलिथिलीनची भांडी १९४६ मध्ये बाजारात आणली. पॉलिथिलीन हे प्लास्टिक तसं नवंच होतं. १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत ते हाती लागलं आणि महायुद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून कामाला आलं. टपर यांनी रंगाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण काठाला कसं पकडतं ते पाहिलं आणि तशी खाच मऊ झाकणाला दिली. या झाकणाचं पेटंट १९४९ चं. माल उत्तम होता, पण दुकानात उठेना. लोक डबा घरी नेत, झाकण नुसतं वर ठेवत आणि म्हणत, हे तर बसतच नाही.

ही अडचण ब्राउनी वाईज यांनी सोडवली. त्या घरोघरी बायकांना जमवून डबे विकत. पाण्याने भरलेला वाडगा झाकण लावून सरळ हवेत फेकायचा, हा त्यांचा गाजलेला प्रयोग. १९५१ मध्ये टपर यांनी दुकानांतून माल काढूनच घेतला आणि विक्रीचा कारभार वाईज यांच्याकडे सोपवला. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर त्यांचं छायाचित्र आलं. तिथे झळकलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९५८ मध्ये मात्र त्यांना काढून टाकलं आणि त्याच वर्षी टपर यांनी कंपनीही विकून टाकली. आपल्याकडे टपरवेअर १९९६ मध्ये आलं. मूळ कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, ती बातमी तुम्ही वाचली असेल.

तर त्या पार्टीत मुख्य शिकवणी असायची झाकण लावण्याची. आज पुन्हा करून बघा. डब्याचा काठ आणि झाकणाची खाच दोन्ही कोरडी पुसा. साखरेचा एक कण खाचेत राहिला तरी तिथून हवा जाते. झाकण मधोमध ठेवून समोरची कड आधी बसवा आणि मग दोन्ही अंगठे कडेकडेने फिरवत स्वतःकडे या. पूर्ण बसलं की मध्यभागी तळव्याने दाबा आणि त्याच वेळी एक कड नखभर उचला. फुस्स आवाज येईल. कड सोडा, मग मध्यावरचा दाब सोडा. आतली थोडी हवा गेली की बाहेरच्या हवेचा दाब झाकण धरून ठेवतो. हा क्रम उलटला, म्हणजे दाब आधी सोडला, तर हवा परत आत जाते. बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

गरम भाजीवर असं झाकण लावू नका. वाफ निवली की पाण्याचे थेंब अन्नावर पडतात, आणि आतला दाब इतका उतरतो की झाकण खोल ओढलं जातं. वारंवार असं झालं की ते तसंच वाकडं राहतं.

आता पार्टीकडे. आपल्याकडे बायकांच्या जमण्याला निमित्तांची कमी कधीच नव्हती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू, भिशी. संक्रांतीचं वाण म्हणून चाळण्या, गाळण्या, छोटे डबे डझनावारी लुटले जातात. मंगळ बाजारात त्यांचे ढीग लागतात. पण वाणाचा डबा पातळ असतो, वर्षभरात त्याची कड उडते. हे पार्टीवाल्या बाईला पक्कं ठाऊक. ती वाणाचा डबा आणि स्वतःचा डबा शेजारी ठेवायची, दोन्हींत पाणी भरायची आणि दोन्ही उलटे करायची. पुढे बोलायची गरजच नसे.

जेवणं आटोपल्यावर, मुलं शाळेतून यायच्या आत ही पार्टी उरकायची. दहा-बारा जणी पुरेत. वीस झाल्या की मागच्यांना झाकण दिसत नाही आणि गप्पा सुरू होतात. आधी एखादा खेळ, मग पाऊण तास प्रात्यक्षिक, मग फॉर्म. त्यात नाव, वस्तू, रंग, आगाऊ रक्कम. यजमानीणबाईला विक्रीच्या प्रमाणात भेटवस्तू. माल नंतर यायचा, आणि भांडणं व्हायची ती तेव्हा: कुणाचा रंग बदलला, कुणी उरलेले पैसे द्यायला टाळाटाळ केली. शहाणी यजमानीण उरलेले पैसे मिळाल्याशिवाय डबा हातात देत नसे, मग ती जाऊबाई असो की शेजारीण. भिडेखातर खरेदी हा या पार्टीचा खरा दोष. शेजारणीने चहा-चिवडा दिला, आता काहीतरी घ्यायला हवं, म्हणून अनेक घरांत कधीच न वापरलेले आइसक्रीमचे साचे पडून आहेत. दुसरा तोटा विकणारीचा. महिन्याचा आकडा गाठायला ती स्वतःच माल उचलायची आणि तो तिच्याच पलंगाखाली साठायचा.

आजही अशी विक्री चालते. त्यासाठी केंद्र सरकारचे थेट विक्रीचे नियम डिसेंबर २०२१ पासून आहेत. विकणाऱ्याजवळ ओळखपत्र हवं, आधी वेळ घेतल्याशिवाय त्याने घरी येता कामा नये, आणि वस्तू परत करण्याच्या अटी त्याने विकतानाच सांगायला हव्यात. "तुम्ही आणखी चौघींना जोडा, मग पैसे" एवढ्यावरच गाडी येत असेल तर तो साखळीचा धंदा. त्याला या नियमांत बंदी आहे.

हे डबे इतके टिकले का? बडोदेकरांना याचं उत्तर घराजवळच सापडतं. इंडियन पेट्रोकेमिकल्स, आपली आयपीसीएल, १९६९ मध्ये इथेच स्थापन झाली, कोयलीच्या रिफायनरीच्या शेजारी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथून पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन या दोन प्लास्टिकचा दाणा, म्हणजे डबे ज्यापासून बनतात तो कच्चा माल, निघू लागला. 'इंडोथीन' आणि 'कोयलीन' ही त्या दाण्यांची नावं मोल्डिंगच्या कारखान्यांत अजून ऐकू येतात. कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली आणि २००७ मध्ये तिच्यात विलीन झाली. डब्याचं आयुष्य ठरतं ते या दाण्यावर आणि भिंतीच्या जाडीवर. कोरा दाणा वापरला तर प्लास्टिकचे लांब रेणू शाबूत असतात. भंगार वितळवून केलेला दाणा मिसळला की प्रत्येक वितळवणीत ते रेणू तुटतात आणि डबा ठिसूळ होतो. काळे, गडद चॉकलेटी, मातकट हिरवे स्वस्त डबे असतात ते म्हणूनच. गडद रंगात सगळं झाकलं जातं. खाण्याच्या वस्तूंसाठी पॉलिथिलीनला आयएस १०१४६ आणि पॉलिप्रॉपिलीनला आयएस १०९१० हे भारतीय मानक आहे. नवा डबा घेताना तळाशी हे आकडे शोधा.

जुन्या डब्याच्या तळाशी काय असतं? त्रिकोणातला आकडा असेल तर डबा १९८८ नंतरचा, कारण ती पद्धतच त्या वर्षी सुरू झाली. २ म्हणजे घट्ट पॉलिथिलीन, ४ म्हणजे मऊ पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गोल घड्याळासारखी खूण आणि तिच्यात बाण असेल तर तो साच्यावरचा महिना किंवा वर्ष. नुसता लांब आकडा असेल तर तो बहुधा साच्याचा क्रमांक. त्यावरून कुणी वर्ष सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

काहीच खूण नसेल तर पाणी मदतीला येतं. बादलीत साबणाचा थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. डबा पूर्ण पाण्याने भरून बुडवा आणि सोडा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. काचेसारखे टणक पारदर्शक डबे तळाला जातात. वर आलेल्यांत नखाने ओरखडा उठला आणि हाताला मेणचट लागलं तर पॉलिथिलीन. गुळगुळीत, चमकदार, नखाला दाद न देणारं बहुधा पॉलिप्रॉपिलीन. हे कळण्याचा उपयोग काय? पॉलिप्रॉपिलीन उकळतं पाणी सोसतं, पण फ्रीजरमध्ये कडक होतं. तिथून काढून फरशीवर पडलं की तडकलंच. मऊ पॉलिथिलीनचं नेमकं उलटं: फ्रीजरमध्ये खुशाल ठेवा, पण शंभर अंशांच्या आसपास ते लोळागोळा व्हायला लागतं. जुना मऊ डबा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. तेलकट रश्शाचं तापमान शंभराच्या पुढे सहज जातं.

ढिल्या झाकणाला एक उपाय आहे, फक्त मऊ झाकणासाठी. परातीत हात जेमतेम बुडवता येईल इतकं गरम पाणी घ्या. उकळतं नको, नाहीतर झाकण पापडासारखं वळेल. तीन-चार मिनिटं बुडवा, पटकन पुसा, त्याच्याच डब्यावर बसवा, वर सपाट पाटा किंवा जाड पुस्तक ठेवा आणि पूर्ण निवू द्या. मग परीक्षा. डबा एक तृतीयांश पाण्याने भरा, झाकण लावून हवा काढा, बाहेरून कोरडा करा आणि वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं उलटा ठेवा. जिथे कागद ओला होईल तिथे काठावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे सुरी किंवा चमच्याची खाच पडली आहे. वर आलेला बारीक कंगोरा चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून हलकेच घासता येतो. खोल खाच मात्र भरून येत नाही, आणि फेविक्विकने या दोन्ही प्लास्टिकना काहीच चिकटत नाही, नळी वाया घालवू नका.

झाकणाला खाचेशी चिरा पडतात त्या म्हातारपणाने नव्हे. ताणलेल्या पॉलिथिलीनवर साबण किंवा तेल फार वेळ राहिलं की ते तिथे चिरतं. झाकणं रात्रभर साबणाच्या पाण्यात पिळून कोंबू नका. धुवा, पुसा, आडवी ठेवा.

डागांचं म्हणाल तर हळदीचा रंग तेलात विरघळून प्लास्टिकमध्ये शिरतो. आधी साबणाने तेल काढा, मग डबा तीन-चार तास उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. दिवसेंदिवस उन्हात ठेवलात तर डबाही जाईल, कारण ऊन प्लास्टिकलाही खातं. खायचा सोडा लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नका. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेच इथे होतं. धुतलं की लाली जाते. हिंगाच्या आणि लसणाच्या वासासाठी कोरड्या डब्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, झाकण लावा आणि दोन दिवस विसरून जा. लोणचं मात्र या डब्यांत घालूच नका. तेल प्लास्टिकमध्ये मुरतं, डबा चिकट होतो, आणि तो चिकटपणा मग धुऊनही पूर्ण जात नाही. लोणच्याला चिनी मातीची बरणीच बरी.

शेव, चकली, भाकरवडी यांना हे डबे आजही उत्तम, विशेषतः पावसाळ्यात. डबा वस्तूच्या मापाचा घ्या. दोन किलोच्या डब्यात पाव किलो शेव ठेवली की उरलेल्या जागेत दमट हवाच भरलेली असते, आणि दर वेळी उघडताना ताजी दमट हवा आत येते. मोठ्या डब्यातून रोजची शेव छोट्यात काढून घ्या.

सगळेच जुने डबे मात्र खाण्याला चालत नाहीत. गडद पिवळे, नारिंगी आणि लाल जुने डबे, ज्यांचं मूळ ठाऊक नाही, ते वेगळे काढा. त्या काळी या रंगांसाठी शिशाची आणि कॅडमियमची रंगद्रव्यं वापरात होती. पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका झाला असेल, बोटाला भुकटी लागत असेल, किंवा पारदर्शक डब्यात केसासारख्या रेषा पडल्या असतील, तर तेही बाजूला करा. त्यांत बटणं, दोरे, सुया, स्क्रू ठेवा. त्यासाठी ते आणखी वीस वर्षं पुरतील.

भंगारातून किंवा कुणाच्या घर आवरण्यातून जुना डबा घेणार असाल तर झाकण वेगळं हातात मागून घ्या. खाच उजेडात धरा, कडेला बोट फिरवा, डब्यात नाक घालून वास घ्या. मग त्याच झाकणाने डबा बंद करून फुस्स आवाज येतो का ते ऐका. एकसारख्या मापाची चार झाकणं आणि तीन डबे असतील तर प्रत्येक जोडी लावून बघा आणि जुळलेल्या जोडीवर तळाशी मार्करने एकच आकडा लिहा. तो आकडा सुईने कोरू नका. कोरलेल्या रेषेत तेल अडकतं आणि चीर तिथूनच सुरू होते. नमस्कार.