किरकिरं बाळ कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो.

माझा भाचा तान्हा असताना कुणीही उचलावं, तो खुशाल त्या खांद्यावर झोपायचा. त्याच्या पाठची बहीण मात्र टोपडं बांधलं की आकांत करी आणि पाणी जरा निवलं की अख्खी चाळ डोक्यावर घेई. शेजारच्या आजी म्हणायच्या, "आईनंच लाडावलंय." आता चार महिन्यांच्या पोरीला लाडावणार तरी किती?

न्यूयॉर्कमध्येही तेव्हा बोट आईकडेच वळायचं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ जोडप्याला ते पटेना. १९५६ साली त्यांनी तान्ह्या बाळांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, ती थेट ही बाळं मोठी होईपर्यंत. भुकेच्या-झोपेच्या वेळा, चळवळ, नवा माणूस दिसला की काय होतं, अशा नऊ गोष्टी ते बघत. शंभरातली चाळीसेक मुलं सांभाळायला सोपी, दहा अवघड, पंधरा हळूहळू रुळणारी. उरलेली पस्तीस कुठल्याच खणात बसेनात. मला हे पस्तीस फार आवडतात.

पण खरी गंमत पुढे आहे. याच शहरात पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेली कामगारांची घरं होती. तिथं मूल झोपेल तेव्हा झोपेल, कुणाची तक्रार नसे. ती सुरू होई शाळा लागल्यावर, सकाळी उठवताना. उलट, धावरं पोर त्या दोन खोल्यांत जीव नकोसा करी. ऐसपैस घरात त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. म्हणजे पोर तेच, अडचण जागेची. स्वभाव आणि घर यांचं जुळतंय का, हे आधी बघा, असं या दोघांचं म्हणणं.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. पाचांतलं एखादं हातपाय झाडून रडायचं. यातली बरीच पुढे बुजरी निघाली. सगळी नाही हं.

आमची भाची बालवाडीच्या दारात बाटलीचा पट्टा चावत उभी राहिली. बाईंनी तिला आत ओढलं नाही, उंबऱ्याशीच बसकर टाकून दिलं. आठवडाभर ती तिथूनच गाणी ऐकत होती. मग एक दिवस आतली भातुकली हवीशी झाली आणि गेली. बसकर बगलेत घेऊन!

नमस्कार.