पंपा नदीचा बुटका केंड

[दृश्य: काचेजवळ स्थिर तरंगणारा मासा]

कोकणातल्या मच्छीमारापुढे केंडाचं नाव काढा, कपाळाला आठ्या पडतील. जाळी कुरतडतो, पोट फुगवतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. हा त्याच कुळातला, पण समुद्र न पाहिलेला. केरळातल्या नद्यांमध्ये राहतो आणि पुरता वाढला तरी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर भरतो. १९४१ साली होरा आणि नायर यांनी पंपा नदीतून त्याची शास्त्रीय नोंद केली. शास्त्रीय नावात त्रावणकोर हे जुनं संस्थान अजून टिकून आहे, दुकानदार मात्र याला ‘पी पफर’ म्हणतात.

दुकानात येणारे पुष्कळसे मासे नदीतूनच पकडलेले असतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ ठरली आहे. घरच्या टाकीत पिल्लं काढण्याला म्हणूनच किंमत आहे.

[दृश्य: बादलीतल्या गोगलगायी]

विणीची खरी तयारी टाकीच्या शेजारी, या बादलीत होते. याला दाणे टाका, बघून न बघितल्यासारखं करेल. त्याला हवं जिवंत खाणं: बारीक गोगलगायी, डॅफ्निया म्हणजे पाण्यातले टिकलीएवढे जीव, किड्यांच्या अळ्या. म्हणजे केंड पाळायचा तर आधी गोगलगायी पाळायच्या. खाताना तो सांडलवंड फार करतो. उरलेलं कुजलं की पाणी बिघडतं आणि बिघडलेलं पाणी या माशाला अजिबात सोसत नाही. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायलाच हवं.

[दृश्य: नर आणि मादी]

पोटाखाली गडद रेघ आणि डोळ्यामागे बारीक सुरकुत्या असल्या की नर. मादी गोलसर. एका नराला दोन-तीन माद्या ठेवाव्यात. लहान टाकीत दोन नर म्हणजे रोजची मारामारी.

आता नीट बघा. नराचा रंग गडद झालाय. तो मादीच्या मागे लागलाय, मधूनच तिच्या कुशीला तोंड लावतोय. ती वळली, जावा मॉस या पाणवनस्पतीच्या झुपक्यात शिरली, तोही मागोमाग. दोघं अंगाला अंग लावून क्षणभर थरथरतात, की झालं. मॉसमध्ये मोजकीच अंडी पडतात, जवळजवळ पारदर्शक आणि मिलिमीटरभराची. टॉर्च तिरका धरल्याशिवाय ती दिसायची नाहीत.

अंडी टाकीत राहिली तर मोठे मासे गट्ट करतात. ड्रॉपरने अलगद उचलून ती वेगळ्या डब्यात ठेवायची. हवेचा झोत मंद, पाणी साधारण सव्वीस-सत्तावीस अंश. पाचेक दिवसांत पिल्लं फुटतात.

[दृश्य: भिंगाखाली पिल्लू]

बहुतेकांची दांडी इथे उडते. पिवळ्या बलकाची शिदोरी संपली की पिल्लाला लगेच खायला लागतं आणि तोंड तर एवढंसं. सुरुवातीला इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, आणि जरा मोठं झालं की आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची ताजी पिल्लं. तीही रोज, दिवसातून दोन-तीनदा. अंडी मिळाल्यावर इन्फ्युसोरिया वाढवायला घेतला तर उशीर होऊ शकतो. तो आधीपासून चालू हवा.

पुढे आणखी एक कटकट: दांडगी पिल्लं बारक्यांना चावतात. आकार पाहून वेगळी करायची, प्रत्येक डब्यात मॉस भरपूर टाकायचा. पिल्लं थोडी मोठी झाली की अगदी बारीक गोगलगायींवर ताव मारू लागतात. तिथून पुढे ती दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. घेणाऱ्याला पिल्लांसोबत मूठभर गोगलगायीही बांधून द्याव्यात.