गॅस गेला कुठे?

(दृश्य: डॅशबोर्डवरची एसीची जाळी. तिच्यात खोचलेला थर्मामीटर. आकडा ३८.)

एसी चालू आहे, ब्लोअर पूर्ण वेगात आहे, आणि जाळीतून येतेय ती बाहेरच्याइतकीच गरम हवा. अशा वेळी तोंडातून पहिलं वाक्य निघतं, ‘गॅस संपला असेल, भरून घेऊ.’

संपला म्हणजे काय? पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी नळ्यांतून थोडा पाझर होतो खरा, पण तो फार सावकाश. मागच्या उन्हाळ्यात भरलेला गॅस यंदा नसेल, तर तो कुठून तरी बाहेर गेलाय. आपल्याला तेच ठिकाण शोधायचंय.

(दृश्य: बॉनेट उघडतं. कॅमेरा नळ्यांच्या मागोमाग सरकतो.)

एसी गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. बऱ्याच गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो, मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळणारा. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तसा तो तापतो. पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून त्याचा द्रव होतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना दाब एकदम पडतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रव उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो ब्लोअरच्या हवेतून घेतो. ही साखळी कुठेही तुटली, तरी जाळीतून गरम हवाच येते. म्हणून गरम हवेवरून दोष कळत नाही.

गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावण्याआधी नुसतं बघायचं. कॉम्प्रेसरची पुली इंजिनाबरोबर फिरतच असते, पण एसी लावल्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन तिच्या मधली चकती, म्हणजे क्लच, हीही फिरायला हवी. (काही नव्या गाड्यांमध्ये हा क्लच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.) चकती स्थिर असेल तर फ्यूज, रिले, क्लचची कॉइल तपासायची आणि प्रेशर स्विचसुद्धा. गॅस फार कमी झाला की हा स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस नसेल तर तेल परत येत नाही. तारेचा तुकडा जोडून स्विच चुकवला आणि कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवला, तर तो जाम होतो. साध्या ओ-रिंगचं, म्हणजे जोडातल्या रबरी कडीचं, काम मग कॉम्प्रेसर बदलण्यावर जातं. कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका.

गाडी पळताना गार आणि उभी राहिली की गरम? मग कंडेन्सरचा पंखा बघा. आणि इंजिनाकडून केबिनमध्ये शिरणारी जाड नळी गार, दवाने ओली, तरी आत गरम हवा? मग एसी ठीक आहे. गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकली आहे. तिथे कितीही गॅस भरला तरी फरक पडणार नाही.

(दृश्य: निळ्या आणि लाल गेजच्या नळ्या जोडल्या जातात. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे.)

इंजिन बंद. ३० अंशांना दोन्ही काटे साधारण ९७ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप). ‘म्हणजे गॅस भरपूर आहे!’ इथेच फसगत होते. नळ्यांमध्ये थोडाही द्रव शिल्लक असेल, तोवर हा दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. लायटरमधला शेवटचा थेंब असेपर्यंत ज्योत तशीच राहते, तसंच.

खरं चित्र इंजिन चालू केल्यावर दिसतं. याच तापमानाला निळा काटा (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा कमी दाब) साधारण २५ ते ४५ आणि लाल (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा जास्त दाब) १५० ते २५० मध्ये असावा. निळा चढलेला आणि लाल पडलेला असेल, तर कॉम्प्रेसर नीट दाबत नाही. दोन्ही चढलेले असतील, तर कंडेन्सरला उष्णता सोडता येत नाही किंवा गॅस जास्त भरलाय. आपल्या गाडीत दोन्ही काटे खाली आहेत. गॅस कमी आहे.

(दृश्य: कंडेन्सरच्या जोडावर तेलकट, काळपट डाग.)

गॅस जाताना तेल सोबत नेतो, आणि त्या तेलावर धूळ बसते. गळती दिसावी म्हणून आधीच्या कामात गॅसमध्ये सोडलेला रंग यूव्ही टॉर्चखाली पिवळट-हिरवा चमकतोय. गळती या जोडातच आहे.

आता दुरुस्ती. उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो. नवी ओ-रिंग तेल लावून बसवायची. यंत्रणा उघडलीच आहे, तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलायचा. मग नायट्रोजनचा दाब देऊन जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा नाही.

यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा. घाईत हाच वेळ कापला जातो, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आत राहिलेलं पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं. मग एसी थोडा वेळ गार, पुन्हा गरम, असा खेळ सुरू होतो. पंप बंद करून काटा हलत नाही ना, हे बघत थांबायचं. शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलं असेल तेवढाच गॅस, वजन करून. अंदाजाने नाही.

(दृश्य: पुन्हा तीच जाळी. ३८... २४... ११... ७.)

पंधरा दिवसांनी हीच गाडी तपासणीला परत येईल. तेव्हा यूव्ही टॉर्च पहिल्यांदा याच जोडावर धरायचा.