ताशाच्या ओळीत

(दृश्य : संध्याकाळचं मैदान. ढोल ओळीनं मांडलेले. दोन मुलं दोरी आवळताहेत.)

रंगपंचमी आटोपली, पाडव्याला आठवडा उरलाय. इंदूरचं ऊन आता चटके देतं, म्हणून पथकाचा सराव ते उतरल्यावरच सुरू होतो. आधी ढोल आवळायचे. एकानं गुडघ्यानं ढोल दाबून धरायचा, दुसऱ्यानं दोरीचा एकेक फेरा ओढत पुढे न्यायचा, मधेच पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावर, बोटं मारून आवाज बघायचा. पान सैल राहिलं तर नुसतं भदभद वाजतं. नीट ताणलं गेलं की मग कमरेला ढोल, एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप.

ताशाला एवढी खटपट नाही. लहानसं कडक पान, दोन काड्या. पण ऐका.

(ताशाचा मूळ आवाज. निवेदन थांबेल.)

पथक चालतं ते ताशाच्या इशाऱ्यावर. चाल बदलायची, उठाव घ्यायचा, थांबायचं, सगळं तो सांगतो. ढोलाचा आवाज छातीत उतरतो, ताशाचा थेट कानात. वाजवणाऱ्याचा कान आणि पान यांत अंतर जेमतेम हातभर. शेजारी ताशेवाले, मागे ढोलांची ओळ, बाजूला धातूचा टोल.

(दृश्य : मोबाईलवरचं आवाज मोजणारं ॲप, ओळीच्या मधोमध.)

मोबाईलचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, हे मान्य. तरी अंदाज येतो. अशा ओळीत आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो.

आता गणित. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे : कान जपायचे तर ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास. १०० ला १५ मिनिटं. पथकाचं पहिलं आवर्तनसुद्धा एवढ्यात संपत नाही.

आपल्याकडे कायदे आहेत. मध्य प्रदेशात १९८५चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे, देशभरात २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० नंतर भोंगे बंद. पण हे सगळं मोजलं जातं खिडकीतल्या माणसाच्या बाजूनं. कारखान्यात यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगारासाठीही आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. कमरेला ढोल बांधलेली अकरावीतली मुलगी मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती हौसेनं आलेली आहे ना!

(दृश्य : राजवाड्यासमोरचा चौक, सकाळ. कबुतरं.)

ही राजवाड्यापुढची कबुतरं. मिरवणूक आली की भुर्रकन उडतात, गेली की परत दाण्यावर. पक्ष्यांच्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी नष्ट झाल्या तर पुन्हा येतात. माणसाच्या येत नाहीत. प्रत्येक कानात त्या साधारण १५ हजार असतात, जन्मतः मिळतील तेवढ्याच.

आणि हा रस्ता बघा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. सराफ्याकडच्या अरुंद रस्त्यात दोन्हीकडच्या भिंती तो परत फेकतात, तेव्हा चार पावलं मागे सरून फारसं काही साधत नाही.

(दृश्य : हाताचा क्लोजअप. फोमचा इअरप्लग.)

हात आधी धुवायचे. मग प्लग बोटांत वळत वळत वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटानं तसाच धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. बहुतेक जण इथेच घाई करतात. मग प्लग अर्धा बाहेर लोंबतो आणि काही फरक पडला नाही म्हणून काढून फेकला जातो. नीट बसला आणि खरोखर १५ डेसिबल जरी कमी झाले, तरी १०० चे ८५ होतात. पंधरा मिनिटांचे आठ तास. कापसाच्या बोळ्यानं हे होत नाही.

“ताई, हे कोंबलं तर ताल कसा कळणार?” ताशाच्या ओळीतला एक जण विचारतो. प्रश्न खरा आहे. फोम उंच पट्टीचे स्वर जास्त खातो, त्यामुळे ताशा बोदा ऐकू येतो. त्यासाठी वादकांचे वेगळे प्लग मिळतात. त्यातल्या गाळणीमुळे सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच उतरतात. ते महाग आहेत. ढोलवाल्यांना मात्र फोम पुरतो, ठेका त्यांना अंगातूनच कळतो. फोमची जोडी ढोलाच्या एका पानापेक्षा कितीतरी स्वस्त. पथकाच्या वर्गणीत हा खर्च धरायला काय हरकत आहे?

उन्हाळ्याची एक अडचण आहे. घाम, गुलाल आणि तेच प्लग तीन दिवस. कानात बुरशी धरायला एवढं पुरतं. पोहायला जाणाऱ्या मुलांच्या कानालाही ओलीचाच त्रास होतो. कान टॉवेलच्या टोकानं बाहेरूनच टिपा, काडी घालू नका, तेल तर मुळीच नको.

(दृश्य : मिरवणूक. बाबांच्या खांद्यावर एक लहान मूल, कानांवर हात.)

इतक्या लहान मुलाला प्लग नको, कान झाकणारे मफ घाला. आणि मिरवणुकीच्या कडेला राहा.

गेरीतलं, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतलं, चित्रण आमच्याकडे नाही, रंगाच्या तोफांपुढे कॅमेरा न्यायची हिंमत झाली नाही. वैशाखातल्या वरातीतल्या डीजेचंही नाही. गणित तेच.

वाजवून घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानाला झेपलं नाही असं समजा. बहिरेपण आधी उंच स्वरांत येतं. स, श, फ निसटतात, माणसं पुटपुटतात असं वाटू लागतं.

(दृश्य : एमवाय रुग्णालयाची इमारत, बाहेरून.)

कानाची तपासणी एमवायच्या, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, नाक-कान-घसा विभागात होते. पाडव्याच्या दुसऱ्याच सकाळी मात्र जाऊ नका, दमलेल्या कानाचा आलेख नेहमीपेक्षा वाईट येतो. एक-दोन दिवस ढोलाला सुट्टी द्या, मग जा.