मोठी फ्लाय डोक्यात का बसते? (आणि 'जोर लावा' म्हणणाऱ्यांना उत्तर)

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली कमेंट आली, "ताई, माशा मारायला विस्कॉन्सिनला गेलात का?" हो दादा, अगदी तेच करते. फक्त माझी माशी ही अशी आहे: फ्लाय, म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये मासा पकडायला दोरीच्या टोकाला बांधतात ती नकली माशी.

(फ्लाय कॅमेऱ्यासमोर धरते)

12 इंच. हरणाच्या शेपटीचे केस, थोडी चमकी आणि हा हुक. कोरडी असताना पिसासारखी हलकी, पाण्यातून काढली की ओला पायमोजा. ही मस्कीसाठी. मस्की म्हणजे मस्केलंज, पाइक या शिकारी माशाच्या कुळातला, 1955 पासून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा राज्यमासा. दात असे की साधा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा, सुतासारखा कापतो.

सामानाचं पटकन सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊकच आहे. 9 फुटी रॉड, 10 किंवा 11 वेटचा, म्हणजे जड लाइन पेलणारा. लाइन पुढून जड, लीडर आखूड, टोकाला वायर. टोपी, गॉगल. झालं.

आता मूळ दुखणं, कास्टचं, म्हणजे रॉडने लाइन आधी मागे, मग पुढे फेकण्याचं. "फ्लाय डोक्यात येऊन बसते, काय करू?" आणि त्याखाली दहा जणांचं उत्तर: जोर लावा. अहो, जोर लावूनच तर बसते! तुमचा जोर कमी पडत नाहीये, लाइन ढिली पडतेय. ट्राउट माशासाठीची छोटी फ्लाय ढिली लाइन खपवून घेते. ही नाही घेत. ढील मिळाली की हिला वारा अडवतो, ती खाली बसते, आणि तुम्ही पुढे झटका दिला की सरळ कानाशी.

म्हणून उचलतानाच बघा. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं, लाइन ताठ, मग सावकाश वर. पाण्यानेच लाइन धरून ठेवलीय, त्या ओढीने रॉड वाकतो. फुकटचा जोर आहे तो, वापरा की!

मग मागे नेताना आडवं न्या, बाजूने, आणि न थांबता वळवून पुढे डोक्यावरून सोडा. जाताना एक वाट, येताना दुसरी. याला बेल्जियन कास्ट म्हणतात. कुणी ऑस्ट्रियन म्हणतं, त्यांचं त्यांना मिटवू दे.

अजूनही पटत नसेल तर गोफण आठवा. आमच्या आजोबांच्या शेतात ज्वारीवर पाखरं बसली की मचाणावरून गोफण फिरायची. फिरताना मध्येच हात थांबला तर? दगड पायावर. गोफण गोलच फिरते, दोरी कायम ताणलेली. हेच, एवढंच, रॉडने करायचंय.

आणि हवेत पाच-पाच फेऱ्या मारत बसू नका, हात जोडते. मासा पाण्यात आहे, हवेत नाही. पाण्यातून एकदा उचला, एकदा मागे, सोडा. 50 फूट गेली तरी पुष्कळ. मी पहिल्या वर्षी चिपेवा नदीवर अशीच फेऱ्या मारत होते. सहाव्या फेरीला हुक रॉडच्या शेंड्यावर आपटला. टक्! शेंडा तुटला. होडीवाला काही बोलला नाही, नुसतं वल्हं मारत राहिला. उरलेला दिवस मी डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

एकाने विचारलंय, "फ्लाय होडीपाशी आल्यावर तुम्ही पाणी का ढवळता?" ढवळत नाही हो! मस्की बरेचदा होडीपर्यंत नुसता मागे-मागे येतो. म्हणून रॉडचं टोक पाण्यात बुडवून आठ काढायचा, म्हणजे फ्लाय त्याच्यासमोर फिरत राहते. इंग्रजी आठ हं. मराठी आठ काढलात तर परतीचं वळणच नाही, मासा जाईल निघून.

मागच्या ऑक्टोबरात तिसऱ्या आठाला तो आलाच. पिवळट-हिरवा, माझ्या पायाएवढा लांब, तोंड उघडलं तेव्हा आतलं पांढरं दिसलं. अशा वेळी डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचायची, रॉड वर उचलायचा नाही. हे मी तुम्हाला तीन व्हिडिओंत सांगितलंय. आणि मी काय केलं? रॉड उचलला. फ्लाय त्याच्या तोंडातून निघून आली, आणि माझ्या टोपीत बसली.

(टोपी दाखवते)

हे भोक त्याचंच.