दुपारी बारा ते तीन

(दृश्य : सपाट शेतांमधून जाणारा हायवे. एकटा ट्रक.)

अमेरिकेच्या मधल्या राज्यांतून गाडी चालवत निघालं की मक्याची शेतं तासन्‌तास संपत नाहीत. अधूनमधून पाण्याची उंच टाकी, एखादं चर्च, पेट्रोल पंप, की पुन्हा शेतं. गाडीतलं एफएम स्टेशन थोड्या अंतरावर विरून जातं. एएम, म्हणजे आपल्याकडची मीडियम वेव्ह, मात्र खरखरत का होईना, कितीतरी लांब साथ देतं. या एएमवर बत्तीस वर्षं, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बारा वाजले की एका माणसाचा आवाज यायचा. त्याचं नाव रश लिंबॉ, उजव्या विचारांचा राजकीय निवेदक.

त्याला मानणारे त्याला घरातला माणूस समजत. न मानणाऱ्यांना त्याचं नावसुद्धा सहन होत नसे. दोन्ही बाजूंना जे वाटलं ते खरंच वाटलं, आणि तिथूनच ही गोष्ट समजून घ्यायला हवी.

आपल्याकडे खासगी एफएम स्टेशनला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र ऐकवता येतं. त्यामुळे एक माणूस रोज तीन तास रेडिओवर फक्त राजकारण बोलतोय, हे चित्रच आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. अमेरिकेतही ते सहजासहजी आलेलं नाही.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी रेडिओ, भोवती कुटुंब.)

1949 पासून तिथे एक नियम होता, फेअरनेस डॉक्ट्रिन. रेडिओलहरी जनतेच्या मालकीच्या, स्टेशनचा मालक फक्त परवानाधारक. म्हणून त्याने सार्वजनिक प्रश्नांना वेळ द्यायचा आणि वादाच्या विषयात दुसरी बाजूही ऐकवायची. 1964 साली पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन या छोट्या गावच्या स्टेशनवरून एका धर्मोपदेशकाने फ्रेड कुक या पत्रकारावर टीका केली. कुकने उत्तरासाठी वेळ मागितला. स्टेशनने फुकट वेळ द्यायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1969 मध्ये न्यायालय नियमाच्या बाजूने उभं राहिलं.

पण या नियमाची दुसरी बाजूही होती. तक्रार झाली तर परवान्यावर गदा येईल, या धास्तीने कितीतरी मालक राजकारणाच्या वाटेलाच जात नसत. हवामान, शेतमालाचे भाव, गाणी, बेसबॉलची मॅच, एवढं बरं. रेगन यांच्या काळात वारं फिरलं. संसदेने नियमाला कायद्याचं बळ देणारं विधेयक मंजूर केलं, तर रेगन यांनी नकाराधिकार वापरला. 1987 च्या ऑगस्टमध्ये स्टेशनांना परवाने देणाऱ्या संपर्क आयोगाने तो नियमच काढून टाकला.

त्याच सुमारास एएम स्टेशनांना अवकळा आली होती. संगीत एफएमवर गेलं, कारण तिथे आवाज स्वच्छ आणि स्टीरिओ. एएमकडे उरली खरखर आणि रिकामे तास. बोलण्याला मात्र स्टीरिओ लागत नाही.

(दृश्य : सॅक्रामेंटो शहर. रेडिओचा मनोरा.)

लिंबॉ मिसुरी राज्यातल्या केप जिरार्डोचा. वडील वकील, घराणं कट्टर रिपब्लिकन. शाळेत असतानाच तो गावच्या स्टेशनवर गाणी लावू लागला. कॉलेज वर्षभरात सोडलं. मग वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या शहरांत नोकऱ्या, आणि त्याही पुन्हा पुन्हा सुटलेल्या. मध्ये काही वर्षं तर तो कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाच्या कचेरीत काम करत होता. 1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या केएफबीके स्टेशनने त्याला घेतलं, आणि तिथे त्याला स्वतःचा सूर सापडला.

तो सूर नीट ऐकण्यासारखा आहे. सुरुवातीला बास गिटारची धून. मग माइकजवळ कागदांची सळसळ, कधी टेबलावर थाप, आणि त्यानंतर लांबलचक शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे घोडचूक मानतात. लिंबॉ ती मुद्दाम ठेवायचा, ऐकणारा आवाज वाढवायला हात पुढे करेपर्यंत. पाहुणे जवळजवळ नाहीत. फोन घेतले जायचे, पण निवडून. बाकी सगळा वेळ तो एकटाच बोलायचा. गाण्यांची विडंबनं, नकला, फुशारकी. आपल्याला मिळालेली प्रतिभा देवाकडून उसनी आणलेली आहे, हे तो रोज सांगायचा. राजकारणाच्या कार्यक्रमाला त्याने गाणी लावणाऱ्या डीजेची लय दिली. ही कला होती, आणि त्याच्या विरोधकांनी ती कधी मन लावून ऐकली नाही असं मला वाटतं.

1988 च्या ऑगस्टची पहिली तारीख. न्यूयॉर्कहून हा कार्यक्रम देशभर सुरू झाला, छप्पन्न स्टेशनांवर. दुपारचा कार्यक्रम गावातलाच हवा, असं तोवर सगळा धंदा मानत होता. एड मॅकलॉक्लिन या निर्मात्याने गणित वेगळं मांडलं : कार्यक्रम उपग्रहावरून घ्या, त्याच्या बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं आम्हाला द्या. खर्चाने वाकलेल्या स्टेशन मालकाला आणखी काय हवं होतं? काही वर्षांत छप्पन्नची सहाशेच्या वर झाली. काही गावांतल्या हॉटेलांनी जेवणाच्या वेळी वेगळी खोली राखून ठेवली, तिथे बसून लोक जेवता जेवता लिंबॉ ऐकत.

हे लोक कोण होते? ट्रकवाले, सेल्समन, ट्रॅक्टरवर बसलेले शेतकरी, दुकानाच्या काउंटरमागे उभी असलेली माणसं. आपल्या चर्चला, आपल्या बोलण्याला, आपल्या गावाला टीव्हीवरची शहरी मंडळी हसतात, अशी त्यांची भावना होती, आणि ती निराधार नव्हती. त्यांच्या मनातलं कुणीतरी त्यांच्यापेक्षा धिटाईने आणि त्यांना हसवत बोलत होतं. म्हणून फोनवर आलेला माणूस नुसतं ‘डिट्टो’ म्हणायचा. म्हणजे आधीच्याने जे कौतुक केलं, तेच माझंही समजा.

याच विश्वासाचा गैरवापर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. एड्सने माणसं मरत होती, तेव्हा या कार्यक्रमात त्यांच्यावर संगीतासह टर उडवणारा भाग चालायचा. पुढे त्याने त्याबद्दल खेद व्यक्त केला. स्त्रीवाद्यांना नाझींच्या पंक्तीत बसवणारा शब्द त्याने घरोघरी पोचवला. 2012 मध्ये, आरोग्यविम्यात गर्भनिरोधकं असावीत म्हणून लोकप्रतिनिधींपुढे बोललेल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थिनीला त्याने इतकी गलिच्छ विशेषणं लावली की जाहिरातदार पळाले आणि त्याला माफी मागावी लागली. करांवर, सरकारी खर्चावर टोकाचं मत असायला काहीच हरकत नाही. पण समोरच्या पक्षाला मत देणारा शेजारी मूर्ख नाहीतर देशद्रोही आहे, हे रोज तीन तास कानावर पडत राहिलं, तर त्या शेजाऱ्याशी बोलणं कुठून उरणार?

(दृश्य : वॉशिंग्टन, संसदेचा घुमट.)

सत्तेला या आवाजाची किंमत लवकर कळली. 1992 मध्ये थोरल्या बुश यांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला बोलावलं आणि त्याची बॅग स्वतः उचलली. 1994 मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं, तेव्हा नव्या सदस्यांनी त्याला आपल्या तुकडीचा मानद सदस्य केलं. 2009 मध्ये पक्षाचे अध्यक्ष मायकल स्टील यांनी त्याच्या बोलण्याला भडकाऊ म्हटलं आणि लगेच त्याचीच माफी मागितली. पक्षाच्या अध्यक्षाने रेडिओवरच्या माणसाची! 2020 च्या फेब्रुवारीत फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचं त्याने श्रोत्यांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, ट्रम्प यांच्या संसदेतल्या भाषणात, प्रेक्षकांच्या सज्जात त्याच्या गळ्यात देशाचं सर्वोच्च नागरी पदक पडलं. वर्षभराने, 17 फेब्रुवारी 2021 ला तो गेला. त्याच्या वेळेत आता दुसरे निवेदक बोलतात.

पण या गोष्टीतलं सर्वांत मोठं नुकसान डाव्या-उजव्याच्या पलीकडचं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 1996 च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती रेडिओ स्टेशनं असावीत याची मर्यादा काढली. तोवर ती चाळीस होती. काही वर्षांत क्लिअर चॅनल कंपनीकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं आली, आणि लिंबॉचा कार्यक्रम वितरित करणारी कंपनीही तिचीच. गावचा निवेदक, गावचा बातमीदार, रात्रपाळीचा माणूस कमी होत गेला. त्याच्या जागी उपग्रहावरून येणारा आवाज बसला.

नॉर्थ डकोटातलं मायनॉट शहर. 18 जानेवारी 2002, मध्यरात्र उलटून गेलेली. मालगाडी रुळावरून घसरली आणि अमोनियाचा ढग घरांवर आला. शहरातली सहाही व्यापारी स्टेशनं क्लिअर चॅनलकडे होती. पोलिसांनी स्टेशनला फोन लावले, ते कुणी उचलेना. इशारा देणारी यंत्रणा पोलिसांनीच नीट बसवली नव्हती, असं कंपनीने नंतर सांगितलं. दोष कुणाचा यावर वाद झाला. त्या रात्री एक माणूस दगावला, शेकडो लोकांना वायूची बाधा झाली, आणि अंधारात रेडिओ लावून बसलेल्यांना काय करायचं ते वेळेवर कळलं नाही.

2023 मध्ये काही मोटार कंपन्यांनी नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं. फोर्डने तसं जाहीर करून मागे घेतलं. तेव्हा डेमोक्रॅट एड मार्की आणि रिपब्लिकन टेड क्रूझ, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन सिनेटर, एका विधेयकावर एकत्र आले : प्रत्येक गाडीत एएम असलंच पाहिजे, कारण संकटात तोच रेडिओ चालतो. मागणी रास्त आहे. मात्र ते विधेयक गाडीतल्या रेडिओपुरतं आहे. रात्री दीड वाजता स्टेशनवर फोन उचलायला माणूस असावा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.